मांजरवाट

बाळंतिणीच्या खोलीसमोर तिन्ही मांजरं ओळीनं बसली होती. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांसारखी. घाई कुणालाच नाही, पण उठायलाही कुणी तयार नाही. त्यांच्या पुढ्यात, उंबऱ्याला लागून, एक मेलेला उंदीर नीट मांडून ठेवलेला होता.

सूनबाईसाठी चहा घेऊन वर आलेली माई तिथंच थबकली. उंदीर तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. बाइंडिंगवाल्याच्या घरात नांदायचं म्हणजे कागद, दोरा आणि उंदीर यांच्याशी सोयरीक आलीच. पण हा उंदीर तिला पटला नाही. दुकान खाली, गोदाम खाली, आणि हा वरच्या मजल्यावर, जिथं कागदाचा कपटाही नाही त्या खोलीच्या दारात काय शोधत होता?

मागून आत्या आल्या. जिना चढताना आधी त्यांचे गुडघे बोलत, मग त्या.

"बघ माई," त्या म्हणाल्या. "डोळे भरून बघ. तुझ्या सूनबाईनं ज्यांना दाराबाहेर काढलं, तीच इथं पहारा देताहेत."

दार आतून उघडलं. छोटीला खांद्यावर टाकून सूनबाई उभी होती. तिनं उंदराकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं, मग दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे. तिथला परवापर्यंत गुळगुळीत असलेला पुठ्ठा एका बाजूनं कुरतडला जाऊन झालरीसारखा लोंबत होता.

तेवढ्यात तिघांतला सर्वांत जाडा बोका संधी साधून आत निघाला. सूनबाईनं त्याला पायानं अडवलं. लाथ नव्हती ती. पण आत्यांच्या हिशेबात ती लाथेच्याच रकान्यात पडली.

"शिकंज्याला मारलंस तू."

"अडवलं, आत्या."

"या घरात त्याला कुणी अडवत नाही."

"म्हणूनच तो एवढा सुटलाय."

माईला हसू आलं. तिनं ते चहाच्या कपाकडे बघत गिळून टाकलं. गिळायची तिला सवय होती.

मांजरांना या घरात जो मान होता तो घरच्या लेकीबाळींनाही कधी मिळाला नव्हता. त्याला कारण होतं. माईच्या नवऱ्याच्या, म्हणजे अण्णांच्या, वडिलांच्या काळात एका शाळेसाठी बांधून ठेवलेली पुस्तकंच्या पुस्तकं उंदरांनी पाठीकडून खाल्ली होती. पुस्तकाच्या पाठीला लावतात ती खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं पीठच. आतला मजकूर उंदरांना कळत नसेल, पण पाठीची चव बरोबर कळते. म्हाताऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी मांजर आणलं, करवत घेतली आणि घरातल्या एकूण एक दाराचा खालचा कोपरा वीतभर कापून काढला. त्या भोकाला घरात मांजरवाट म्हणत. खाली दुकान, वर संसार, आणि मांजरवाटेनं दोन्हीकडे मांजरांची मुखत्यारी. माणसाला कडी लागेल, मांजराला नाही, असा म्हाताऱ्यांचा दंडक होता. म्हातारे गेले, दंडक राहिला, आणि दंडकाची राखण करायला त्यांची थोरली लेक, म्हणजे आत्या, राहिल्या. त्यांनी लग्न केलं नाही. मांजरांची नावंही त्याच ठेवत, कारखान्यातल्या हत्यारांवरून. एक आरी, एक कातरी, आणि हा शिकंजा. पुस्तकं दाबून ठेवायच्या यंत्राला शिकंजा म्हणतात, आणि हा बोका ज्याच्यावर बसे ते तसंच दबून जाई.

तो ज्या दिवशी पाळण्यात, छोटीच्या अंगाला अंग लावून बसलेला सापडला, त्या दिवसापासून घरात भडका उडालेला होता. सूनबाईनं एकच गोष्ट मागितली, खोलीला जमिनीपर्यंत पोचणारं दार. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. केसाएवढी फट राहिली तर माणूस घास चावू शकत नाही हे तिला रोजच्या कामानं शिकवलेलं, तिला वीतभर फट कशी चालावी? आत्यांचा तिच्यावर राग होता. त्या तिच्यावर दातओठ खायच्या, आणि त्यातले दात तिनंच बनवून दिलेले होते.

अण्णा म्हणाले, दार बदलायचं नाही. सूनबाई म्हणाली, बदलायचं. मधे सापडला बाबू. हा अण्णांचा एकुलता लेक आणि छोटीचा बाप. त्याचा स्वभाव असा की दोघांत भांडण लागलं तर दोघांचीही माफी मागून मोकळा होईल. त्यानं मधला मार्ग काढला. भोक तात्पुरतं पुठ्ठ्यानं बुजवलं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवला, वरून कापड चढवलं, कोपरे असे दुमडले की अण्णांनी रागातसुद्धा त्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि "हं" म्हणाले. आत्यांना सांगितलं, मूल बसायला लागलं की काढतो. बायकोला सांगितलं, हे कायमचंच समज. आणि आता तो पुठ्ठा लोंबत होता.

"खाली या सगळे," जिन्यातून अण्णांचा आवाज आला. "टेबलावर बसून बोलू."

या घरातलं मोठं बोलणं कारखान्यातल्या कापायच्या टेबलाभोवतीच होई. रविवारी दुकान बंद असे. कागदाच्या थप्प्यांमध्ये घरची माणसं बसत, आणि धार लावलेलं अवजार आधी कुणीतरी उचलून फळीवर ठेवी. हे काम माईचं.

ते ठेवून ती आपल्या स्टुलावर बसली. अण्णा टेबलाच्या टोकाला, आत्या त्यांच्या उजव्या हाताला, मांडीवर शिकंजा. बाबू मध्यावर, म्हणजे नेहमीच्या जागी. सूनबाई उभीच राहिली, छोटीला थोपटत.

"मला जास्त बोलायचं नाही," आत्यांनी सुरुवात केली, आणि जास्त बोलायला घेतलं. "माझ्या बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं नुकसान आहे हे. मांजराची वाट अडवली की उंदराची मोकळी होते. आज उंबऱ्यावर आलाय, उद्या पाळण्यात येईल. पोरीच्या पायाचा अंगठा कुरतडला की मग बसा कवळीचं माप घेत."

"अंगठ्याला कवळी बसत नाही, आत्या."

"बघ अण्णा. हे असं बोलणं."

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "मांजरं आत होती तोवर वर उंदीर नव्हता, हे खरं की नाही?"

"खरं."

"वाट बंद केली आणि उंदीर आला. हेही खरं?"

"तेही खरं."

"मग झालं तर. बाबू, काढून टाक तो पुठ्ठा."

बाबू उठला. उठून बायकोकडे पाहिलं. पुन्हा बसला. भिजल्या मांजराची उपमा माईला सुचली, पण आजच्या दिवशी त्या घरात ती उपमा कुणाला लागेल सांगता येत नव्हतं, म्हणून तिनं ती मनातल्या मनातच रद्द केली.

"मी एकदाच सांगते," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि माईच्या अनुभवात न चढलेला आवाज जास्त धोक्याचा. "पुठ्ठा काढायचा असेल तर काढा. मी पिशवी भरते. पोरीला घेऊन आईकडे जाते. ही मांजराची शेपूट ओढायच्या वयाची झाली की परत येते. मग मांजरांनीच दार मागितलं तर मला सांगू नका."

"तू माझ्या नातीला घेऊन जाणार?" अण्णा म्हणाले.

"माझ्या मुलीला घेऊन जाणार. तुमची नात आपोआप येईल तिच्याबरोबर."

अण्णांनी कानाची पाळी ओढली. बाबू म्हणाला, "अगं, एवढं काय…" आणि वाक्य अर्धवट सोडलं. त्याची बरीच वाक्यं या घरात अशी बेवारस पडलेली असत.

आत्यांनी मोर्चा वळवला. "माई, तू सांग. तूही आई झालीस याच घरात. बाबूला कुठं होतं दार?"

सगळ्यांची तोंडं माईकडे वळली. आता इथं माईच्या मनातलं खरं सांगायला हवं. तिला सूनबाईचा मुद्दा पटत होता, आणि तरीही तो मान्य करायला ती राजी नव्हती. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसरीला नुसतं मागून मिळावं? मागून? कालची आलेली ही पोर उभ्यानं म्हणते 'मला दार हवं', आणि आपण इतकी वर्षं दारातल्या भोकालाही नमस्कार करून वावरलो. हिशेब जुळत नव्हता.

"नव्हतं," ती म्हणाली. "बाबूला दार नव्हतं. वाढलाच की."

सूनबाईचा चेहरा उतरला. तिनं माईला आपल्या बाजूला धरलं होतं हे त्या उतरण्यातून माईला पहिल्यांदा कळलं.

"मग मांजर आत येत नव्हतं?" सूनबाईनं विचारलं.

"नाही आलं कधी."

"ऐका," आत्या खुर्चीत मागं रेलल्या. शिकंज्याचे कान कुरवाळत त्यांनी निकाल दिला. "तेव्हाची मांजरं अशी होती. शहाणी. त्यांना सांगावं लागत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल म्हणून टाकलं नाही त्यांनी. वळण होतं जनावरांना, आणि ते लावलेलं मी. बाबू सुखरूप वाढला तो त्यांच्या वळणामुळं."

"खरंय," अण्णा म्हणाले. "गुणी मांजरं होती ती."

माईनं अण्णांकडे पाहिलं.

काही माणसांना शिवी लागते, काहींना टोमणा. माईला आजवर दोन्ही लागत नसत. कातडी जाड होती म्हणून नाही, तर सगळं कुठं तरी जमा होतंय, एक दिवस कुणीतरी बेरीज करील, असं तिनं धरलं होतं म्हणून. आता बेरीज झाली होती, आणि सगळी मांजरांच्या नावावर चढली होती.

"बाबू," ती म्हणाली, "पुठ्ठा चिकटवायला खळ कुठली घेतलीस?"

प्रश्न इतका वाट सोडून होता की बाबू दचकला. "खळ? आपलीच."

"चुलीवरची मोठ्या पातेल्यातली मी शिजवते. त्यातली नाही घेतलीस तू. पातेलं होतं तसंच होतं. वेगळी शिजवलीस?"

"थोडी वेगळी. लहान भांड्यात."

"मोरचूद टाकलंस?"

बाबूनं टेबलावरचा एक कपटा उचलून त्याची घडी घातली. मग आणखी एक घडी.

"खोलीत लहान मूल आहे, आई. मोरचूद म्हणजे विष. तिच्या नाकाशी कशाला, म्हणून… नुसत्या पिठाची केली. चांगली घट्ट झाली होती."

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "मोरचुदाशिवाय खळ? माझ्या कारखान्यात?"

घर मोडायला आलं होतं तेव्हा अण्णांचा आवाज शांत होता. आता मात्र गळ्याची शीर फुगली.

"अरे, पोराटोरांनाही ठाऊक असतं. मोरचूद नाही म्हणजे उंदराला ताट वाढलं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चढवलास ना? म्हणजे आत थरावर थर खळ. पंगतच घातलीस की तू."

"छोटीच्या नाकाला…" बाबू म्हणाला.

"म्हणजे उंदीर खोलीत यायला निघालाच नव्हता," सूनबाई सावकाश म्हणाली. "तो दार खायला आला होता."

"हो," माई म्हणाली. "दार खायला उंदीर आला. उंदीर खायला मांजरं आली. पोरीचा या दोघांच्या व्यवहाराशी काही संबंध नाही. पुठ्ठा काढला, कोपरा गरम पाण्यानं घासला, की उंदीर जिथला तिथं."

"तेच म्हणतेय मी," आत्या पटकन म्हणाल्या. हरलेला डाव जिंकल्याच्या आवाजात सांगायची त्यांना हातोटी होती. "पुठ्ठा काढा. वाट मोकळी होऊ दे."

"पुठ्ठा काढू," माई म्हणाली. "वाट मोकळी होणार नाही."

आपण हे मोठ्यानं बोललो की काय, असं तिला वाटलं. समोरची तोंडं पाहून खात्री झाली.

"वन्सं, तुमची मांजरं गुणी नव्हती," ती पुढं म्हणाली. एकदा तोंडातून निघालंच होतं, तर अर्धं ठेवण्यात फायदा नव्हता. "तुमच्या मांजरांना वळण नव्हतं. बाबू झाला तेव्हा तुमचा तो पांढरा बोका पहिल्याच आठवड्यात भोकातून डोकं घालून आला होता. मी दाराशी बसले. भोकाला पाठ लावून. मांडीवर हा, पाठीत तो बोका. तो नखं मारायचा, मी हलायची नाही. याला पाजलं तिथंच, जेवले तिथंच, झोपलेसुद्धा तशीच बसून. हा बसायला लागेपर्यंत त्या दाराचा खालचा कोपरा मी होते. मी. गुणी मांजर नव्हे."

छोटीनं एक उसासा टाकला, फार दिवसांची थकबाकी मिळाल्यासारखा.

"मला कधी बोलली नाहीस," अण्णा म्हणाले.

"तुम्ही रोज ते दार ढकलून आत यायचा. दार जड का लागतंय, तुम्ही कधी विचारलंत?"

अण्णांनी कानाची पाळी पुन्हा धरली, पण ओढली नाही.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस," आत्या म्हणाल्या. आवाजातली धार बोथट झाली होती, पण पातं आत गेलं नव्हतं. "मला स्वप्न पडतं का? मला वाटलं मांजरं जात नाहीत."

"तेव्हा सांगायची हिंमत नव्हती. आता हिच्याकडे आहे, तर ती मी उसनी घेतली." माई उठली. "सूनबाई, त्या भोकाचं माप किती?"

सूनबाईनं आकडा सांगितला. मोजायला गेली नाही. तो तिच्या तोंडातच होता.

माई भिंतीशी गेली. तिथं दाबफळ्या उभ्या करून ठेवलेल्या असत. शिकंज्यात पुस्तकाच्या खालीवर घालायच्या या जाड लाकडी फळ्या वापरून वापरून काचेसारख्या झाल्या होत्या. तिनं त्यातली हव्या त्या मापाची एक ओढून काढली.

"ती नको," अण्णा म्हणाले. "ती बाबांची आहे."

"ठाऊक आहे. भोक त्यांनी पाडलं. बुजवायला फळीही त्यांचीच लागू दे."

हातोडी आणि खिळे तिनं स्वतःच घेतले. बाबू मदतीला पुढं आला, तेव्हा सूनबाईनं छोटीला त्याच्या हातात दिलं. "तू हिला धर," ती म्हणाली. "हे आम्ही बघतो." बाबूनं पोरीला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच आज त्याच्या चेहऱ्यावर नेमकं काय करायचं ते कळल्याचं समाधान दिसलं.

वर जाऊन दोघींनी पुठ्ठा ओरबाडून काढला. आतून पिवळट खळीचे पोपडे निघाले. ते सूनबाईनं गरम पाण्यानं घासून घासून नाहीसे केले. मग तिनं फळी लावून बघितली, काढली, नखानं खूण केली, पुन्हा लावली.

"जरा खाली. अजून. आई, तुम्ही धरा, मी ठोकते."

"तू धर. ठोकायचं मला आहे."

पहिल्या घावाला आरी आणि कातरी जिन्यावरून पळाल्या. दुसऱ्या घावाला आत्या वर आल्या, कडेवर शिकंजा, आणि त्यांच्या मागं अण्णा. माईनं मान वर केली नाही. तिचा एक खिळा तिरका गेला, एक बरा गेला.

"अण्णा," आत्या म्हणाल्या, "घर तुझं आहे. बाबांचा शब्द तुझ्यावर सोडून गेलेत ते. काढायला सांग."

माई उठून उभी राहिली. गुडघ्यांना लागलेली धूळ झटकली आणि हातोडी उलटी करून, दांडा पुढं करत, अण्णांच्या हातात दिली.

"सांगायचं कशाला? स्वतःच काढा," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. फक्त काढून झालं की तिथं पाठ लावून बसायचं. आज तुम्ही, उद्या वन्सं. आम्ही दोघी पाळीत नाही. माझी पाळी भरून झालीय, आणि हिची मी लावू देणार नाही."

सूनबाईनं माईच्या शेजारी उभं राहायला एक पाऊल सरकवलं. दारात आता दोघी होत्या.

अण्णांनी हातोडी तोलून पाहिली. मग ते खाली बसले, सांधे मोजत, सावकाश. फळीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सगळे बघत होते. अंगठा तिरक्या खिळ्यापाशी थांबला.

"हा वाकडा गेलाय," ते म्हणाले.

"काढ मग," आत्या म्हणाल्या.

अण्णांनी खिळा पकडून सरळ केला आणि दोन घावांत डोक्यापर्यंत आत घातला. मग खिशात हात घालून आणखी एक काढला. तो त्यांनी खालून येतानाच घेतलेला असावा. माईला जिथं सुचलं नव्हतं तिथं, मधोमध, तो बसवला.

आत्या बघत राहिल्या. मग त्यांनी शिकंज्याला कडेवर नीट घेतलं. "चल रे," त्या म्हणाल्या. "इथं आता आपल्याला विचारून यावं लागेल."

"तुम्हाला नाही, वन्सं," माई म्हणाली. "तुम्हाला कडी उघडता येते. त्याला खाली ठेवा आणि या केव्हाही."

आत्या लगेच उतरल्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, कुणाकडेही न बघता, "पोरीला वारा लागत नाही ना आत?" एवढं विचारून मग गेल्या.

माईनं दार लावून पाहिलं. फळी जमिनीवर खरखरली आणि उंबऱ्याला अशी चिकटली की खालून सूतभर उजेड आत आला नाही.

"रंधा मारावा लागेल," अण्णा कान देत म्हणाले. "घासतंय. साऱ्या घराला ऐकू जाईल."

"जाऊ दे," माई म्हणाली. तिनं दार उघडलं आणि पुन्हा लावलं, पहिल्यापेक्षा जोरात. मग आणखी एकदा.